तोंड नसलेलं पाखरू

२००६ च्या वनहक्क कायद्यात गौण वनोपजाची व्याख्या दिलेली आहे. वनस्पतीपासून मिळणारं, इमारती लाकूड सोडून सगळं, असं म्हणून कायदा पुढे नावं घेतो: बांबू, वेत, टसर, कोष, मध, मेण, लाख, तेंदूपान, औषधी मुळ्या, कंद. यादी वाचताना कुणीही अडखळेल, कारण टसर काही झाडाला लागत नाही. तो किड्याचा, जसा मध माशीचा आणि लाखही किड्याचीच. मसुदा लिहिणाऱ्यांनी जीवशास्त्राचं पुस्तक उघडलं नसावं, किंवा जंगलातून माणूस जे खांद्यावर घेऊन येतो ते सगळं त्यांनी एका गाठोड्यात बांधलं असावं. पण भंडारा जिल्ह्यातल्या कोशाच्या कामात जे दिसतं, त्यावरून माझं मत असं झालं आहे की ही चूक शास्त्रात चूक असली तरी व्यवहारात खरी आहे. कोसा, म्हणजे टसरचा कोष, हे झाडाचं पीक आहे. किडा त्या झाडाचं पान सुतात बदलतो, एवढंच. आणि आपल्याकडे किड्याचे हिशेब चोख ठेवले जातात, झाडाचे मात्र कुणी ठेवत नाही.

मत पटण्यासाठी आधी त्या पतंगाकडे नीट पाहायला हवं. अँथेरिया मायलिटा हे त्याचं शास्त्रीय नाव. पंख पसरले की मादी वीतभर भरते. नर विटकरी-तपकिरी, मादी पिवळी किंवा राखाडी. चारही पंखांवर एकेक डोळा असतो, म्हणजे रंगाचा ठिपका नव्हे. तिथे पंखाचे खवलेच नसतात, काचेच्या खिडकीसारखा गोल पारदर्शक पडदा असतो आणि त्याभोवती बारीक वलयं. त्या खिडकीतून मागची फांदी दिसते. नराच्या मिशा पिसासारख्या रुंद, कारण रात्रीच्या अंधारात मादीचा गंध त्याला लांबून हेरायचा असतो. मादीच्या मिशा अरुंद, पोट मात्र अंड्यांनी इतकं भरलेलं की ती फारशी उडतच नाही. एवढ्या देखण्या जीवात एक गोष्ट नाही: त्याला खाण्याचं तोंड नाही. मुखावयव नावापुरते, झिजून गेलेले. फुलातला मध नाही, पाण्याचा थेंब नाही. कोशातून बाहेर पडल्यापासून मरेपर्यंत, जेमतेम आठवडाभर, तो उपाशीच असतो. जोडी जुळते ती अंगातल्या साठ्यावर, आणि दीड-दोनशे अंडी भरतात तीही त्याच साठ्यावर. हा साठा आला कुठून? अळीनं खाल्लेल्या पानातून. पतंगाच्या अंगात पानाखेरीज दुसरं काही शिरलेलंच नसतं. बाकी प्राण्यांच्या बाबतीत मादीला चांगलं खाऊपिऊ घालून पिलं सुधारता येतात, गाईला ढेप घालता येते. इथे ती सोयच नाही. जे पान अळी असताना मिळालं, तेच अंड्यात उतरतं.

आणि पान म्हणजे इकडे येन. पुस्तकात त्याला ऐन म्हणतात, मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली साल असलेलं आपल्या पानगळी जंगलातलं ओळखीचं झाड. त्याचाच भाऊ अर्जुन, त्याला कहू म्हणतात. तो ओढ्याच्या आणि तळ्याच्या काठानं वाढतो, आणि तळ्यांची या जिल्ह्यात उणीव नाही. अंड्यातून आठ-दहा दिवसांनी अळी निघते ती काही मिलिग्रॅमची, पिवळसर तपकिरी, काळ्या डोक्याची. पहिली कात टाकली की हिरवी होते, आणि मग ती पानावर आहे हे सांगूनही दिसत नाही. अंगावर ओळीनं गाठी, गाठींवर केस, कुशीला काही ठिकाणी चांदीच्या टिकलीसारखी चमक. चार वेळा कात टाकते, पाच अवस्था पार करते, आणि पावसाळ्यातल्या पिकात महिना-सव्वा महिन्यात तीस-चाळीस ग्रॅमची होते. हजारो पटींची वाढ, ती सगळी येनाच्या खात्यातून. यातलं बहुतेक पान शेवटच्या दोन अवस्थांत संपतं. म्हणून अळ्या लहान असताना भरगच्च वाटणारं झाड नंतर अचानक उघडं पडतं, आणि कोसा पिकवणाऱ्याला अळ्या असलेली फांदी अलगद तोडून दुसऱ्या झाडावर न्यावी लागते. दुसरं झाड जवळ नसेल तर अळी अर्धपोटी राहते. ती मरत नाही. ती लहान कोष विणते, त्यातून लहान मादी येते, ती कमी अंडी घालते. उपाशी झाडाचा हिशेब असा पुढच्या पिकात लागतो, आणि तेव्हा आपण म्हणतो, बियाणं खराब निघालं.

झाडाशी या किड्याचं नातं किती जुनं आहे ते कोशाच्या देठात दिसतं. तुतीच्या रेशीमकिड्याचा कोष पांढरा, मऊ, चंद्रिकेवर, म्हणजे कोष विणण्याच्या जाळीवर, नुसता चिकटलेला. टसरची अळी आधी दोन-तीन पानं ओढून आडोसा करते, मग फांदीभोवती रेशमाचं कडं घालते, कड्यापासून चिवट देठ काढते आणि त्या देठाला कोष टांगते. विणून झाल्यावर आतून एक द्राव सोडते. त्यातल्या क्षारांनी कोषाची भिंत लाकडासारखी कडक होते. सोड्याच्या पाण्यात शिजवल्याशिवाय त्याचं सूत सुटत नाही ते यामुळेच. एवढा खटाटोप कशासाठी? येन उन्हाळ्यात निष्पर्ण होतो. कोष नुसत्या पानाला चिकटलेला असता तर पानाबरोबर खाली पडला असता, आणि फाल्गुन-चैत्रातलं जंगल जमिनीवर पडलेल्याला सोडत नाही: वाळवी, उंदीर, वणवा. कड्यामुळे कोष उघड्या फांदीवर लोंबकळत राहतो. आत कोशित झोपलेली असते, हिवाळ्यातल्या पिकापासून पहिल्या पावसापर्यंत पाच-सहा महिने. झाडाला पान नसतं ते महिने ती निजून काढते, आणि मृगाची हवा दमट झाली, येनाला कोवळं पान आलं की जागी होते. पतंग झाल्यावर तोंडातून एक पाचक रस सोडून ती देठाकडची भिंत भिजवते, धागे बाजूला सारते आणि बाहेर पडते. म्हणजे तोंडाचा उरलासुरला उपयोग एवढाच, घराचं दार उघडण्यापुरता. हे सगळं वेळापत्रक झाडाचं आहे. किड्यानं ते पाठ केलं आहे.

यावर पहिला आक्षेप या कामातलेच लोक घेतात, आणि तो हलका नाही. ते म्हणतात, झाडं असून काय उपयोग, पीक तर रोगानं जातं. खरं आहे. पेब्रिन हा रोग मादीच्या पोटातून अंड्यात जातो. फ्रान्समध्ये एकोणिसाव्या शतकात याच रोगानं तुती रेशमाचा धंदा बुडवला, आणि लुई पाश्चर यांनी त्यावर काढलेला उपाय आजही तसाच चालतो: अंडी घातल्यावर प्रत्येक मादी कुटायची, थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा, बीजाणू दिसले तर तिची सगळी अंडी फेकून द्यायची. बीजागारातलं हे काम डोळे दुखवणारं, कंटाळवाणं आणि वगळता न येणारं आहे. त्यातून पार पडलेल्या अंडीपुंजांनाच रोगमुक्त म्हणायचं. केंद्रीय रेशीम मंडळाचं बीज केंद्र भंडाऱ्यात आहे, राज्याचं रेशीम संचालनालय १९९७ पासून नागपुरात आहे, आणि या दोहोंचं बरंचसं मनुष्यबळ याच साखळीत गुंतलेलं असतं. ते गुंतायलाच हवं. पण सूक्ष्मदर्शक फक्त आईकडून आलेला रोग पकडतो. झाडावर गेल्यावर अळ्यांना होणारे विषाणूचे आणि जिवाणूचे आजार तिथे दिसत नाहीत. ते कधी वाढतात? अळ्या दाटीनं असतील, पान जून किंवा अपुरं असेल, आधीच्या पिकाची घाण त्याच झाडांवर राहिली असेल, तेव्हा. या तिन्ही गोष्टींना औषध एकच, ते म्हणजे पुरेशी झाडं, म्हणजे एका हंगामात अर्धी वापरून अर्ध्यांना विसावा देता येतो. मुंग्या, गांधीलमाश्या, अळीचा रस शोषणारे ढेकूण, अळीच्या अंगावर अंडं घालणारी उझी माशी, वर पक्षी, हे तर आहेतच. दीड-दोनशे अंड्यांच्या एका पुंजातून चाळीस-पन्नास कोष हाती आले तर माणूस समाधानी असतो. गोफण घेऊन दिवसभर उभा राहणारा राखणदार पक्षी हाकलू शकतो, पण एका फांदीवर दाटलेल्या अळ्या विरळ करायला त्याच्याकडे दुसरी फांदी हवी. टसर पट्ट्यात कोसा पिकवणारे जे कडक सोवळं पाळत आले, त्याला मी अंधश्रद्धा म्हणून हसत नाही. हात-पाय धुतल्याशिवाय झाडाजवळ जायचं नाही, परक्याला येऊ द्यायचं नाही, या नियमांत रोगाचं गणित आहे. पण त्या नियमांतही झाड मध्यभागी आहे, अळी नाही.

दुसरा आक्षेप वाणाचा. चांगलं वाण आणा, झाडांची रड कशाला, असं म्हटलं जातं. टसरच्या या एकाच जातीचे देशात चाळीसच्या वर स्थानिक वाण नोंदवलेले आहेत आणि त्यांची नावं बहुतेक गावांची किंवा प्रदेशांची आहेत: सुकिंदा, मोडल, लरिया, रैली. त्या यादीत एक नाव ‘भंडारा’ असं आहे. जिल्ह्यातल्या किती जणांना हे माहीत आहे कोण जाणे. भंडाऱ्याचा तांदूळ आणि पितळ सगळ्यांना ठाऊक, पण आपल्या जिल्ह्याच्या नावाचा एक पतंग शास्त्राच्या दप्तरात आहे, हे शाळेच्या पुस्तकातही सापडत नाही. व्यापारी पिकासाठी देशभर सर्वाधिक चालतो तो झारखंडकडचा डाबा, कारण त्याचा कोष वजनदार आणि तो माणसाच्या हाताला सरावलेला. कोसा पिकवणाऱ्यानं डाबा घ्यावा की नाही हा प्रश्न मी त्याच्यावर सोडतो. त्याचं पोट त्यावर आहे, आणि वाण जपण्याची जबाबदारी गरिबाच्या डोक्यावर टाकणं हा शहाणपणा नव्हे. पण वाण म्हणजे पिशवीतून आणायची वस्तू, ही समजूत चुकीची आहे. बस्तरचा रैली पाहा. सालवनात आपोआप वाढणारा, मोठ्या दणकट कोषाचा. त्याला बाहेर नेऊन पाळण्याचे प्रयत्न झाले, ते नीट साधले नाहीत. शेवटी त्याच जंगलात त्याचं बीज सोडून त्याला तिथेच वाढू देण्याचा मार्ग धरावा लागला. वाण हा किड्याच्या रक्तात जितका असतो तितकाच झाडाच्या पानात आणि तिथल्या पावसात असतो. दूरच्या जिल्ह्यातून उन्हात आणलेले बीजकोष वाटेत तापतात, वळवाच्या सरीनं फसतात, आणि पतंग मेमध्येच बाहेर पडू लागतात. आज चार नर, परवा सहा माद्या. जोडी जमत नाही, आणि तोंड नसलेला जीव थांबू शकत नाही. म्हणून डाबा आणा किंवा भंडारा जपा, बीज इथल्या येनावर एक पिढी तरी निघालेलं हवं. पुन्हा झाडापाशीच येतो आपण.

तिसरा प्रश्न सरळ पैशाचा आहे आणि त्याचं उत्तर लपवण्यात अर्थ नाही. तुती जास्त पैसे देते. मराठवाड्यात तुती रेशीम वाढलं, जालन्याला २०१८ मध्ये कोषांचा बाजार उभा राहिला, शेतकरी वर्षातून चार-पाच पिकं शेडमध्ये घेतो. टसर दोन, फार तर तीन पिकं देतो, तीही उघड्यावर. मग भंडाऱ्यातही तुतीच का लावू नये? ज्याच्याकडे विहीर आणि एकर आहे त्यानं जरूर लावावी. पण इकडे कोसा परंपरेनं पिकवतो तो ढिवर समाज. मासेमारी हा त्याचा मूळ धंदा, आणि जमीन त्यातल्या बहुतेकांकडे नाही किंवा नावापुरती. त्याच्यासाठी तुती हा पर्यायच नाही. टसर आहे, कारण झाड जंगलाचं आहे. आता टसरच शेडमध्ये का आणत नाही, असंही विचारतात. लहान अळ्या जाळीखाली ठेवून पहिले काही दिवस वाचवता येतात, ते करतातही, आणि त्यानं नुकसान कमी होतं. पण मोठी अळी झाडावरच हवी. आसामचा मुगा आणि चीनचा ओकवरचा टसर हे याच कुळातले, आणि तेही उघड्यावरच पोसले जातात. तुतीचा किडा माणसानं हजारो वर्षं सांभाळून इतका घरगुती केला की त्याचा पतंग उडणंच विसरला. टसरचा पतंग अजून खिडकीतून उडून जातो.

वनखात्याचा म्हणून जो आक्षेप असतो, की छाटणी करकरून हे लोक येन खुजा करतात, त्यात तथ्य आहे आणि नाही. कोवळ्या पानासाठी झाड हाताच्या उंचीवर छाटावं लागतं, त्यामुळे त्या येनाचा वासा होत नाही. लाकडाच्या नजरेनं तो तोटा. पण छाटलेला येन मरत नाही, मुळाशी घट्ट असतो, दर वर्षी फुटतो, आणि ज्या पट्ट्यात कोसा आहे तिथे माणूस वणवा लावत नाही आणि लागला तर विझवायला धावतो, कारण त्याचं पीक तिथे लटकलेलं असतं. कुऱ्हाडही तिथे सहजी चालत नाही. कहूची तर चार-चार फुटांवर रांगेनं लागवड करता येते आणि तीन-चार वर्षांत ती अळीजोगी होते. कालव्याच्या आणि तलावाच्या काठची पडीक जागा त्याला चालते. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला तेव्हापासून विदर्भात वनहक्क कायद्याचं नाव निघालं की बांबू आणि तेंदू आठवतो. त्याच ओळीत टसर आणि कोष लिहिलेले आहेत, ते कुणी मोठ्यानं वाचत नाही. ज्या गावाला हा हक्क आहे, त्या गावानं आपल्या जंगलातल्या येनाचा एक पट्टा कोशासाठी राखणं हे कायद्याला धरूनच आहे.

राहिला तो अहिंसेचा मुद्दा. सुताचा अखंड धागा हवा तर कोशितला उष्णता देऊन मारावं लागतं, हे खरं, आणि ज्यांना ते नको त्यांच्यासाठी घिच्चा आहे: पतंग निघून गेलेल्या कोषाचं हातानं ओढलेलं जाडसर सूत. माझ्या मते तो ज्याच्या त्याच्या मनाचा प्रश्न आहे, त्यावर वाद वाढवण्यात मला रस नाही. विणकराचा प्रश्न मात्र सोडता येत नाही. मोहाडी, आंधळगाव, पवनी इथल्या कोष्ट्यांनी विणलेली करवती साडी, टसरचं अंग आणि सुती काठ, काठाला करवतीच्या दातांसारखी नक्षी, तीन धोट्यांनी अंग आणि काठ एकमेकांत गुंतवत विणलेली, तिला आता भौगोलिक मानांकन आहे. मानांकनात गाव आलं, विणकराचा हात आला. धागा कुठल्या झाडावरचा, हा प्रश्न मात्र उरतोच. देशातल्या टसर मागांवर ताण्यासाठी चिनी धागा सर्रास चालतो, कारण तो एकसारखा आणि न तुटणारा. इथला धागा खरबरीत, मधाच्या रंगाचा, जागोजाग गाठीचा. त्याची ही सगळी ओळख येनाच्या पानातून आलेली आहे. साडी भंडाऱ्याची आणि झाड मांचुरियातलं, असं होऊ द्यायचं असेल तर गोष्ट वेगळी.

म्हणून जिल्ह्यात रेशमाचा आढावा घेणाऱ्यांकडे आणि ग्रामसभांकडे एकच मागणी आहे. अंडीपुंज किती वाटले आणि कोष किती आले, हे दोन आकडे दर वर्षी लिहिले जातात. त्यांच्या आधी एक रकाना वाढवा: अळी पोसण्याजोगे येन आणि कहू किती, त्यातले यंदा वापरायचे किती, विसाव्याला ठेवायचे किती. ही मोजणी मे संपायच्या आत व्हायला हवी. जूनमध्ये पतंग बाहेर पडतात, आणि त्यानंतर झाड शोधायला फार उशीर झालेला असतो.